चीनशी सीमेवर काय मिटले आणि व्यापारात काय अडू शकते

प्रश्न असा आहे: गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली, तरी आयात वाढतच गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये लडाखचा वाद मिटला असे सांगतात. नेमके काय मिटले? आणि पुण्याकडचा जो लहान कारखानदार विजेवरच्या दुचाकींच्या मोटारींसाठी चीनमधून चुंबक आणतो, त्याने पुढे काय धरून चालावे?

आधी थोडक्यात सांगतो. मिटला तो काही ठिकाणच्या गस्तीचा प्रश्न. सीमा ठरलेली नाही आणि समोरासमोरची फौजही फारशी कमी झालेली नाही. शिवाय सीमेवरच्या बातमीवरून आपल्या मालाचा अंदाज बांधणे चुकीचे आहे. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान गेले, तेव्हा चुंबक येत होते. 2025 मध्ये सीमा निवळली, थेट विमानसेवेची बोलणी सुरू झाली आणि नेमके तेव्हाच ते अडले. असे का झाले, हे समजायला दोन्ही बाजू मुळापासून पाहाव्या लागतात.

प्रत्यक्ष ताबारेषा आपण 3,488 किलोमीटर मानतो, चीन सुमारे 2,000 म्हणतो. हा मोजणीतला फरक नाही. कोणता पट्टा सीमा म्हणून मोजायचा, इथूनच मतभेद आहे. ही रेषा दोघांनी मान्य केलेल्या नकाशावर कुठेही नाही. हिमाचल आणि उत्तराखंडला लागून असलेल्या मधल्या विभागाचे नकाशे 2000 मध्ये एकमेकांना दिले गेले. लडाखचे 2002 मध्ये समोर आले, पण दोन्हींतले दावे इतके टोकाचे होते की काम तिथेच थांबले. नकाशा देणे म्हणजे आपला दावा कागदावर बांधून घेणे. त्यामुळे प्रत्येक जण तो शक्य तितका पुढे ओढून काढतो. रेषा स्पष्ट करा म्हटल्यावर चीन टाळाटाळ करतो त्यामागे आणखी एक हिशेब आहे. पठारावर रस्ते त्याचे चांगले आहेत, म्हणून संदिग्धतेचा फायदा त्याला जास्त मिळतो.

मग झटापट होते कशी? दोन्ही दावे जिथे एकमेकांवर चढतात, तिथे दोघांच्याही तुकड्या आपापल्या दाव्याच्या टोकापर्यंत गस्त घालतात. आपल्याकडे त्यासाठी ठरलेले गस्तबिंदू आहेत. रेषेवर जाऊन बसणे या उंचीवर परवडत नाही, म्हणून ठाणे मागे असते आणि तुकडी बिंदूपर्यंत जाऊन परत येते. दोन तुकड्या आमनेसामने आल्या तर काय करायचे, हे 2005 च्या करारात लिहिलेले आहे. दोघांनी जागीच थांबायचे, पुढे सरकायचे नाही, बळ वापरायचे नाही, मागे फिरायचे आणि वरिष्ठांना कळवायचे. प्रत्यक्षात ‘हा आमचा प्रदेश आहे, परत जा’ अशा मजकुराचे फलक उलगडून दाखवले जातात. 2013 च्या करारात समोरच्या गस्तीचा पाठलाग करायचा नाही, हेही आले. याहून जुना 1996 चा करार सांगतो की रेषेपासून 2 किलोमीटरच्या आत गोळीबार किंवा स्फोट करायचा नाही आणि लढाऊ विमाने 10 किलोमीटरच्या आत आणायची नाहीत. गलवानला जवानांकडे बंदुका असूनही त्या चालल्या नाहीत, त्यामागे हा करार आणि त्यातून मुरलेली सवय होती.

ही व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती: कोणीही मोठी फौज रेषेलगत आणणार नाही. एप्रिल-मे 2020 मध्ये चीनने सरावासाठी आलेली फौज सरळ पुढे वळवली आणि ते गृहीतक मोडले. स्थानिक पातळीवरची ध्वजबैठक दोन गस्तींमधला तंटा सोडवू शकते. डिव्हिजनभर सैन्य पुढे आले की तो निर्णय बीजिंगचा असतो आणि चुशूल-मोल्डो या सीमेवरच्या बैठकीच्या जागी टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून जून 2020 पासून फेब्रुवारी 2024 पर्यंत कोअर कमांडर पातळीच्या 21 फेऱ्या झाल्या, तरी शेवटची गाठ परराष्ट्र खात्यांच्या बैठकांमध्येच सुटली.

या फेऱ्यांमधून काय मिळाले, ते जागेगणिक वेगळे आहे. सगळे एकाच मापाने मोजू नये. गलवान, पँगाँग, गोगरा आणि हॉटस्प्रिंग्ज इथे सप्टेंबर 2022 पर्यंत दोन्ही फौजा मागे गेल्या, पण मध्ये मोकळा पट्टा ठेवून. त्या पट्ट्यात गस्त कोणीच घालत नाही. पँगाँगला फेब्रुवारी 2021 मध्ये चीन मागे गेला, याचे कारण ऑगस्ट 2020 अखेरीस आपल्या सैन्याने दक्षिण किनाऱ्यालगत कैलास रांगेतली शिखरे धरली होती. तिथून मोल्डोचा चिनी तळ नजरेच्या टप्प्यात येत होता. ती शिखरे आपण त्या एकाच समझोत्यात सोडली. त्यांच्या बदल्यात लडाखच्या उत्तरेकडचे देपसांगचे पठारही मागायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. ते तेव्हा राहिले आणि पुढे पावणेचार वर्षे अडकून पडले.

21 ऑक्टोबर 2024 ला जाहीर झाला तो याच देपसांगचा आणि देमचोकचा समझोता. तिथे मोकळा पट्टा नाही. दोघांनी गस्त घालायची, पण आधी कळवून, म्हणजे तुकड्या अचानक समोरासमोर येणार नाहीत. चराईही पुन्हा सुरू झाली. मेंढपाळांची ही गोष्ट बातम्यांत एका ओळीत संपते, पण पश्मिना बकऱ्या घेऊन हिवाळी कुरणांवर जाणारे चांगपा लोक हाच त्या भागातल्या आपल्या वहिवाटीचा सर्वांत जुना पुरावा आहे. जिथे मोकळे पट्टे झाले, तिथली कुरणे त्यांच्या हातून गेली. गस्तबिंदूंइतकीच काळजी त्या कुरणांची व्हायला हवी.

इथून पुढे सीमेची बातमी आली की तीन इंग्रजी शब्द नीट वेगळे ठेवा. डिसएंगेजमेंट म्हणजे समोरासमोर भिडलेल्या तुकड्या हटवणे. ते झाले. डीएस्कलेशन म्हणजे मागे जमवलेली फौज, रणगाडे आणि तोफा उतरवणे. डीइंडक्शन म्हणजे ती फौज मूळ छावण्यांमध्ये परत नेणे. शेवटची दोन्ही कामे बाकी आहेत. दोन्ही बाजूंचे मिळून लाखभर सैनिक पूर्व लडाखच्या आसपास आणले गेले होते. चीन सहज म्हणतो की दोघांनी सारखेच मागे जाऊ, पण सारखे किलोमीटर म्हणजे सारखा वेळ नव्हे. त्यांची फौज पठारावरच्या सपाट रस्त्याने काही दिवसांत परत येते, आपल्या फौजेला झोजिला किंवा मनालीकडच्या घाटांतून वर चढावे लागते. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला, लडाखच्या उत्तर टोकाकडच्या दौलत बेग ओल्डी ठाण्याचा 255 किलोमीटरचा रस्ता झाला, तवांगकडचा सेला बोगदा मार्च 2024 मध्ये खुला झाला. झोजिलाचा बोगदा वाहता होईपर्यंत मात्र मोठ्या माघारीला आपण तयार होणे शहाणपणाचे नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये सीमाप्रश्नावर बोलणी करणाऱ्या दोन्ही देशांच्या विशेष प्रतिनिधींच्या 24 व्या फेरीत ठरले की जिथे मतभेद कमी आहेत, तिथे सीमा आधी आखता येईल का, हे एक तज्ज्ञगट पाहील. सर्वांच्या डोळ्यांसमोर सिक्कीम आहे. कल्पना चांगली दिसते, पण मेख आहे. सिक्कीमची सीमा 1890 च्या ब्रिटिश-चिनी करारावर उभी आहे. तो जसाच्या तसा धरला तर भारत, भूतान आणि चीन यांचा तिठा जिपमोची शिखरावर जातो, असे चीन म्हणतो. आपण तो उत्तरेला बटांग लापाशी मानतो. मधले पठार म्हणजे डोकलाम, जिथे 2017 मध्ये दोन्ही सैन्ये 73 दिवस समोरासमोर उभी होती. त्याच्या खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आहे, ईशान्येकडे जाणारा आपला जमिनीवरचा एकमेव मार्ग. तिठ्याबाबत तिसऱ्या देशाला विचारूनच ठरवायचे, असे 2012 मध्ये मान्य झाले होते. ते कलम सुटू न देता सिक्कीमची आखणी झाली तरच ती आपल्या हिताची.

आता व्यापार. 2024-25 या आर्थिक वर्षात आपण चीनमधून सुमारे 113.5 अब्ज डॉलरचा माल आणला आणि 14.3 अब्जांचा पाठवला. तूट 99 अब्जांवर गेली. (चिनी आकडे कॅलेंडर वर्षाचे असतात, आपले एप्रिल ते मार्चचे. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका.) जाते काय? लोहखनिज, नाफ्था, मासळी, सूत. गोव्याचे कमी प्रतीचे लोहखनिज वर्षानुवर्षे चीनच्याच भट्ट्यांनी घेतले आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तो धंदाही बसला. येते काय? इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे, बॅटरीचे सेल, सौर सेल, रसायने, औषधांचा कच्चा माल. यातला बराचसा माल आपल्याच कारखान्यांत जातो. दुकानातली चिनी दिव्यांची माळ नाकारून हा आकडा हलत नाही, कारण भारतात जुळवलेल्या फोनच्या आणि भारतात दाबलेल्या गोळीच्या पोटात तोच माल असतो. उत्पादन वाढले की आयातही वाढते.

सरकारने 2020 मध्ये उचललेली पावले वेगळ्या जागी लागू होतात. एप्रिल 2020 चे प्रेस नोट 3 शेजारी देशांच्या गुंतवणुकीसाठी, जुलै 2020 चा नियम सरकारी निविदांसाठी, 29 जूनची 59 ॲपवरील बंदी माहिती-सुरक्षेसाठी. तुमच्या कंटेनरला यांपैकी काहीच थेट लागू नाही. नथुला, शिपकी ला, लिपुलेख इथला सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचे ऑगस्ट 2025 मध्ये ठरले, त्याचाही तुमच्याशी संबंध नाही. तो ठरलेल्या यादीतल्या वस्तूंचा, सीमेलगतच्या स्थानिक व्यापाऱ्यांसाठीचा, वर्षातले काही महिनेच चालणारा व्यापार आहे. त्याचे मोल सीमेवरच्या गावांना आहे आणि ते खरे मोल आहे. लिपुलेखवर नेपाळचाही दावा असल्याने त्याने लगेच निषेध नोंदवला, हे जाता जाता.

चुंबकाचे नीट सांगतो, कारण मुख्य अडचण तिथे आहे. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनलेले चुंबक निर्यात परवान्याखाली आणले. रोख अमेरिकेच्या आयातशुल्काकडे होता, पण नियम सर्व देशांना लागला. या चुंबकांचा मुख्य दुर्मीळ धातू निओडिमियम; तो यादीत नाही. डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. मोटारीच्या चुंबकात हे दोन अगदी थोडे असतात, पण तापल्यावर चुंबकत्व टिकते ते त्यांच्यामुळे. साधा एन प्रतीचा चुंबक 80 अंश सेल्सियसपर्यंत, एच 120 पर्यंत, एसएच 150 पर्यंत, यूएच 180 पर्यंत चालतो. प्रत जितकी वरची, तितका या दोन ‘जड’ धातूंचा अंश साधारणपणे जास्त आणि तितकी तुमची ऑर्डर परवान्यात अडकण्याची शक्यता जास्त.

परवान्याचा अर्ज चिनी निर्यातदार त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाकडे करतो. तपासणीची मुदत 45 कामाचे दिवस आहे. सुट्ट्या धरल्या तर दोन महिन्यांहून अधिक. अर्जासोबत अंतिम वापराचे प्रमाणपत्र लागते: हा माल कशात बसणार, लष्करी कामासाठी वापरला जाणार नाही, दुसऱ्याला दिला जाणार नाही. 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना त्यावर आपल्या सरकारी खात्यांची आणि मग चिनी दूतावासाची मोहर घ्यावी लागली आणि बहुतेक वेळ तिथेच गेला. चुका साधारण याच होतात. प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावाने दिले जाते, वापरणाऱ्याच्या नाही. वापराच्या रकान्यात नुसते ‘वाहन उद्योग’ लिहितात. तिथे मोटारीचे मॉडेल, एका मोटारीत किती चुंबक, वर्षाला किती मोटारी हे सगळे जुळणारे आकडे हवेत. हव्या त्या प्रमाणापेक्षा जास्त मागणी दिसली की साठेबाजीचा संशय येतो. आणि त्याच कंपनीचे संरक्षण खात्यालाही काम असेल तर फाईल हमखास थांबते. दोन्ही कामांचा कागद आणि साठा वेगळा ठेवा.

जड धातू नसलेला चुंबक मागवत असाल तरी घटकांच्या चाचणीचा अहवाल प्रत्येक खेपेसोबत मागा. सुरुवातीच्या महिन्यांत चिनी कस्टम्सने यादीत नसलेला मालही तपासणीसाठी रोखला होता.

पर्याय आहेत, पण फुकट कोणताच नाही. मोटारीची उष्णता बाहेर टाकण्याची सोय सुधारून एसएचऐवजी एच प्रत वापरता येते. पुरवठादाराकडे जड धातू फक्त कणांच्या कडांवर मुरवण्याचे तंत्र असेल तर तोच दर्जा कमी डिस्प्रोशियममध्ये मिळतो, मात्र परवाना टळत नाही. फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा चुंबक, स्वस्त आहे आणि भारतात बनतो, पण त्याची साठवलेली ऊर्जा निओडिमियमच्या साधारण दशांश; म्हणजे मोटार मोठी आणि जड होते. चीनमधून तयार मोटारच आणली तर चुंबकाचा परवाना लागत नाही. अनेकांनी अडचणीत हाच रस्ता धरला, पण त्यात तुमचे कामच जाते. मोटारीचा आराखडा बदलला की पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेकडे पुन्हा चाचणी लागू शकते, तो वेळ आधीच धरा. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने देशात वर्षाला 6,000 टन चुंबक बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. योग्यच केले. पण धातू वेगळा करण्यापासून चुंबक भाजण्यापर्यंतची साखळी उभी राहायला वर्षे लागतील. उद्याच्या ऑर्डरसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आपल्या बाजूने माल अडतो तो चार ठिकाणी. पहिले, बंदर. जून 2020 च्या अखेरीस न्हावा शेवा आणि चेन्नईला चिनी खेपांची सरसकट तपासणी सुरू झाली, जाहीर आदेश नसताना. अशा वेळी शुल्कापेक्षा कंटेनर रोखून धरल्याचे भाडे महाग पडते. शिपिंग लाइनकडून मोफत दिवस जास्तीचे लिहून घ्या. दुसरे, अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्तात आलेल्या मालावरचे जादा शुल्क. ते सहसा पाच वर्षांचे असते आणि मुदत संपताना फेरतपासणी होऊन पुढे चालू ठेवले जाऊ शकते. अधिसूचनेच्या तक्त्यात चिनी उत्पादकाचे नाव असते आणि कमी दर त्याच नावाला मिळतो. बीजकावर गटातल्या दुसऱ्या कंपनीचे नाव आले की ‘इतर कोणीही’ या ओळीचा सर्वांत चढा दर लागतो. ऑर्डर देण्याआधी कारखान्याचे पूर्ण नाव तक्त्याशी अक्षरशः ताडून पाहा.

तिसरे, भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) परवाना, ज्या मालाला तो सक्तीचा आहे त्यासाठी. तो विशिष्ट कारखान्याच्या पत्त्याला असतो. पुरवठादाराने उत्पादन शेजारच्या शहरात हलवले तर तो निरुपयोगी. चौथे, मूळ देश. माल व्हिएतनाम किंवा मलेशियामार्गे आणला म्हणून तो तिथला होत नाही. आसियान कराराची सवलत घ्यायची तर साधारण नियमाने तिथे 35 टक्के मूल्य भरले गेलेले असावे आणि कस्टम्सच्या वर्गवारीतले मालाचे उपशीर्षकही बदललेले असावे. सप्टेंबर 2020 पासून ते दाखवण्याची जबाबदारी आयातदाराची आहे. ‘निर्यातदाराने प्रमाणपत्र दिले होते’ एवढे उत्तर कस्टम्सला पुरत नाही. उत्पादनाची प्रक्रिया आणि खर्चाची फोड माल निघण्याआधी मागवा, नंतर ती कोणी देत नाही.

करारात दोन वाक्ये आवर्जून घाला. पैसे भरायच्या वेळापत्रकात साधारण 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) प्रतीवर अशी पद्धत आहे. त्यात लिहा की निर्यात परवाना ठरलेल्या तारखेपर्यंत न मिळाल्यास आगाऊ रक्कम परत. आणि परवाना ज्या प्रतीच्या चुंबकाला मिळेल तीच प्रत पाठवायची, बदल तुमच्या लेखी संमतीशिवाय नाही. साठा जड धातूंच्या प्रतींचा चार महिन्यांचा ठेवा, बाकीच्यांचा दीड-दोन महिन्यांचा पुरे. मात्र चिनी नववर्षाच्या आधीची ऑर्डर नोव्हेंबरातच द्या, कारण त्या सुट्टीत कारखान्यांबरोबर परवान्याच्या फायलीही थांबतात.